सिम्प्लेक्स प्लस मेटल डिटेक्टर : लोखंडाने भरलेल्या जंगलात कितपत उपयोगी?

नोक्ता मक्रो या तुर्की कंपनीचा सिम्प्लेक्स प्लस हा मेटल डिटेक्टर २०१९ मध्ये बाजारात आला आणि नवख्या शोधकाने घ्यावे असे यंत्र म्हणून इंग्लंडमध्ये त्याचे नाव लवकरच झाले. नवा असताना तो अडीचशे पौंडांच्या आसपास मिळत असे. पाण्यात तीन मीटरपर्यंत चालणारे, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी असलेले आणि धातू सापडला की मुठीला कंप देणारे यंत्र तेवढ्या पैशांत त्या वेळी दुसरे फारसे नव्हते. त्याच्याविषयी जे सांगितले जाते ते बहुतेक नांगरलेल्या शेतांच्या आणि समुद्रकिनाऱ्यांच्या अनुभवावरून. हे परीक्षण मात्र जंगलापुरतेच आहे, आणि तेही आग्नेय इंग्लंडमधील वील्ड या पट्ट्यातील खासगी जंगलापुरते, जिथे मी जमीनमालकाच्या लेखी परवानगीने हे यंत्र पुष्कळ वापरले आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. यंत्र चांगले आहे. पण खोलवरची वस्तू पकडण्याच्या ज्या गुणाकडे पाहून लोक सहसा डिटेक्टर निवडतात, त्या गुणाचा जंगलात काडीचाही उपयोग नाही. तिथे कामाला येते ती लोखंडाच्या गर्दीतून बाकीचे धातू वेगळे काढण्याची क्षमता, आणि ती या यंत्रात किमतीच्या मानाने बरी असली तरी सोबत मिळणारी मोठी कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी, बदलल्याशिवाय पुरती हाती लागत नाही.

हे नीट कळायचे तर आधी वील्डची जमीन समजून घ्यायला हवी. नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांच्या दोन रांगांमध्ये सरे, ससेक्स आणि केंट या परगण्यांत पसरलेला हा चिकणमातीचा आणि वाळूखडकाचा प्रदेश. इथल्या मातीतच लोहखनिज आहे, आणि ते गाळण्याचा उद्योग इथे रोमन काळाच्याही आधीपासून चालत आला. हेस्टिंग्जजवळच्या बोपोर्ट पार्क येथे रोमन आरमाराचे शिक्के असलेली कौले सापडली आहेत, म्हणजे लोखंडाच्या या धंद्यात खुद्द आरमाराचा हात होता. पुढे १४९६ मध्ये अॅशडाउन फॉरेस्टमधील न्यूब्रिज येथे झोतभट्टी सुरू झाली, १५४३ मध्ये बक्स्टेडला लोखंडाची अखंड तोफ ओतली गेली, आणि वील्डमधील शेवटची झोतभट्टी, अॅशबर्नमची, १८१३ मध्ये विझली. या सगळ्या भट्ट्यांना लागणारा कोळसा आसपासच्या जंगलातूनच येई. बुंध्यापाशी तोडून पुन्हा फुटू दिलेली चेस्टनट आणि हॉर्नबीमची झाडे आजही रांगेने उभी दिसतात, आणि त्यांच्यामध्ये कोळसा पाडण्यासाठी सपाट केलेल्या गोल जागा थोड्या सरावाने ओळखता येतात. भट्ट्यांतून निघालेली काळी, काचेसारखी चकाकणारी धातुमळी ओढ्यांच्या काठाने ढिगांनी पडलेली आहे, आणि रस्त्यांच्या भरावातही तीच घातलेली आहे. त्यात भर म्हणून शिकारीच्या काडतुसांची बुडे, कुंपणाच्या तारा, घोड्यांचे नाल, लाकूडतोड्यांच्या पाचरी आणि दोन्ही महायुद्धांत इथे सराव करणाऱ्या सैन्याने मागे टाकलेल्या गोळ्या. अशा जमिनीवर कोणतेही यंत्र चालू केले तरी ते सुरुवातीला नुसते बडबडत राहते.

सिम्प्लेक्स प्लस एकाच वारंवारतेवर, म्हणजे १२ किलोहर्ट्झवर चालतो. कॉइलमधली एक तार सेकंदाला बारा हजार आवर्तने घेणारे चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात, आणि दुसरी तार त्यांचा प्रतिसाद टिपते. हा प्रतिसाद किती उशिराने येतो यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधून पडद्यावर ० ते ९९ मधला एक आकडा दाखवते. लोखंड खालच्या टोकाला, तांबे आणि चांदी वरच्या टोकाला, आणि शिसे, पितळ, अॅल्युमिनियम, पातळ सोने या सगळ्यांची दाटी मध्ये. तत्त्व इतके सोपे आहे खरे, पण जंगलात तीन गोष्टी ते बिघडवतात. पहिली म्हणजे लोहयुक्त माती स्वतःच प्रतिसाद देते. दुसरी, नालासारखी मोठी किंवा वायसरसारखी भोक असलेली लोखंडी वस्तू कित्येकदा चांदीच्या आकड्यांत जाऊन बसते. तिसरी आणि सर्वांत त्रासदायक गोष्ट अशी की नाण्याशेजारी एखादा खिळा पडलेला असेल तर दोन्हींचे प्रतिसाद एकमेकांत मिसळून नाणे दिसतच नाही.

पहिल्या अडचणीवर या यंत्राचे उत्तर समाधानकारक आहे. धातू नसलेली वीतभर जागा शोधून ग्राउंड बॅलन्सचे बटण दाबून धरायचे आणि कॉइल जमिनीपासून वर-खाली करायची, की यंत्र मातीचा हिशेब वजा करते. हा हिशेब आपोआप बदलत राहत नाही, त्यामुळे चिकणमातीवरून वाळूच्या उंचवट्यावर गेल्यावर तो पुन्हा करावा लागतो. पण त्याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि वील्डमध्ये माती पावलापावलावर बदलत असली तरी त्याची सवय होऊन जाते. खरी अडचण जागा शोधण्याची आहे. धातुमळीच्या ढिगाजवळ धातूविरहित वीतभर जमीन मिळत नाही, आणि मिळाली असे वाटले तरी ती बहुधा तशी नसते. अशा ठिकाणी यंत्राची संवेदनशीलता दोन-तीन पायऱ्या खाली आणणे हाच शहाणपणा. खोली कमी होते ती होऊ द्यावी.

दुसऱ्या अडचणीसाठी कान तयार करावे लागतात. माझ्या मते या यंत्रातली सर्वांत उपयोगी सोय म्हणजे लोखंडाच्या आवाजाची पातळी बाकीच्या आवाजांहून वेगळी ठेवता येणे. लोखंड पूर्ण गाळून टाकले तर जंगल शांत वाटते, पण ती शांतता फसवी असते, कारण खिळ्याबरोबर त्याच्या आडचे नाणेही गप्प होते. आवाज अगदी बारीक ठेवला तर लोखंडाची कुजबुज मागे चालू राहते आणि तिच्यातून चांगल्या धातूचा उंच सूर उठून ऐकू येतो. एका जुन्या चेस्टनटच्या बुंध्याजवळ मिळालेला सिग्नल इथे नमुना म्हणून सांगतो. कॉइल डावीकडून उजवीकडे नेताना आकडा ऐंशीच्या पुढे दिसे, परत आणताना खालचा घरघरता सूर. नुसत्या पडद्याकडे पाहणाऱ्याने ते लोखंड समजून सोडून दिले असते. बुंध्याला वळसा घालून काटकोनात उभे राहून पुन्हा कॉइल फिरवली, तेव्हा एका बाजूला लोखंड आणि तिच्यापासून चार बोटांवर स्वच्छ उंच सूर असे दोन वेगळे आवाज मिळाले. पालापाचोळा हाताने बाजूला सारून पिनपॉइंटर, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारी कांडी, टेकवला, आणि तळहाताएवढी माती उचलली. आधी गंजून फुगलेला खिळा निघाला, आणि त्याच्याजवळच व्हिक्टोरिया राणीचा अंबाडा घातलेला चेहरा असलेली पेनी, म्हणजे १८६० ते १८९४ या काळातली. साल वाचता येत नव्हते. पानांच्या आम्लधर्मी खताने काशाचे पृष्ठ हिरवे आणि खडबडीत झाले होते, कडेचे ठिपके झिजून गेले होते, पण राणीच्या मानेची रेषा बोटाला लागत होती. बाजारात असल्या नाण्याला मोल नाही. यंत्राची परीक्षा म्हणून मात्र हा सिग्नल मी चांगल्यात धरतो, कारण खिळ्याच्या इतक्या जवळची वस्तू एकाच वारंवारतेच्या स्वस्त यंत्राने पकडावी ही साधी गोष्ट नाही.

तिसऱ्या अडचणीत यंत्राची मर्यादा उघड होते. एका वस्तूचा प्रतिसाद संपवून दुसऱ्या वस्तूसाठी यंत्र किती लवकर मोकळे होते हे महागड्या डिटेक्टरांत आपल्याला ठरवता येते. इथे ते ठरलेलेच आहे. त्यामुळे कॉइल फिरवण्याचा वेग आपणच कमी करायचा. शेतात चालताना जसे लांब झोके देतात तसे इथे चालत नाहीत. वीत-दोन वीत रुंदीचे, संथ आणि एकमेकांवर चढणारे झोके द्यावे लागतात. त्याला वेळ लागतो. कोणाला दिवसभरात मोठे रान पालथे घालायचे असेल तर त्याने जंगलाच्या वाटेला जाऊ नये हेच बरे.

यापुढचा मुद्दा कॉइलचा. सोबत येणारी कॉइल अकरा इंची, डबल-डी रचनेची आहे. या रचनेत संवेदनशील भाग मधल्या अरुंद पट्टीपुरता असतो, त्यामुळे शेजारच्या दोन वस्तू वेगळ्या कळायला मदत होते; पण पट्टी अकरा इंच लांब असल्यावर तिच्याखाली वील्डमध्ये तीन-चार लोखंडी तुकडे तर सहज येतात. शिवाय बुंध्यातून फुटलेल्या फांद्यांच्या बेचक्यात ही कॉइल शिरत नाही, ब्रॅम्बलच्या काटेरी वेलीत अडकते आणि मुळांवर आपटून खोटे आवाज काढते. याच यंत्राला बसणाऱ्या लहान कॉइल वेगळ्या मिळतात. लहान कॉइल लावल्यावर हे यंत्रच बदलल्यासारखे वाटते. मध्ययुगातील हातोड्याने ठोकलेल्या चांदीच्या पेन्या आणि त्यांचे कापून केलेले अर्धे-पाव तुकडे, जे नखाएवढे आणि कागदासारखे पातळ असतात, त्यांच्यासाठी तर लहान कॉइलच हवी. म्हणून जंगलासाठी यंत्र घेणाऱ्याने किंमत मोजताना लहान कॉइलची किंमत त्यात पहिल्यापासूनच धरावी. मी ती ज्या विक्रेत्याकडून मागवली त्याने आधी दुसऱ्याच मॉडेलची पाठवली आणि परत घेताना टपालखर्च माझ्याच माथी मारला, त्यामुळे मागवण्यापूर्वी मॉडेलचे नाव लेखी कळवून खात्री करून घ्यावी एवढा सल्ला देतो.

शरीराला हे यंत्र सोसते का, हा प्रश्न पन्नाशी ओलांडलेल्यांना पडतोच. वजन १.३ किलो आहे. दांडा ६३ सेंटिमीटरपर्यंत आत सरकतो आणि १३२ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. ही सोय जंगलासाठीच केली असावी अशी आहे, कारण झुडपात वाकून शिरताना दांडा आखूड करता येतो आणि यंत्र पिशवीत घालून काटेरी कुंपण ओलांडता येते. मुठीला बसणारा कंप हा मला आधी चोचला वाटला होता. वाऱ्यात पाने सळसळत असताना किंवा हेडफोन बाजूला ठेवून पक्ष्यांचे आणि मागून येणाऱ्या कुत्रे फिरवणाऱ्यांचे आवाज ऐकत काम करायचे असताना तो फार उपयोगी पडतो. पडद्यामागचा उजेड आणि पुढे लावलेला छोटा दिवा हिवाळ्यात लागतात, कारण वील्डच्या दाट रानात डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारून येते. बॅटरी आतच बसवलेली आहे. ती दिवसभर पुरते, पण संपली तर खिशातले सेल काढून घालण्याची सोय नाही. थंडीत दूरच्या रानात जाताना पॉवरबँक बाळगणे भाग आहे. यंत्र पाण्यात चालते हा गुण ज्यांना जंगलात निरर्थक वाटेल त्यांनी वील्डमधला फेब्रुवारी पाहिलेला नाही.

पिनपॉइंटरची ही वीतभर लांबीची कांडी जंगलात चैन नसून गरज आहे. मुळांच्या जाळीत फावडे कुठे घालायचे हे तिच्यावरून ठरते, आणि खड्डा जितका लहान तितके झाडाचे नुकसान कमी.

आता खोलीविषयी. जाहिरातींत, दुकानांत आणि शोधकांच्या गप्पांत यंत्राची थोरवी ते किती इंच खाली पाहते यावर मोजली जाते. नांगरलेल्या शेतात वस्तू वर-खाली होत राहतात, त्यामुळे तिथे खोलीला काही अर्थ असेल. जंगलाला नांगर लागलेला नसतो. तिथे तीनशे वर्षांपूर्वी खिशातून पडलेले नाणे पानांच्या खताखाली बहुतेक वेळा वीतभराच्या आतच असते, आणि त्याहून खाली जे असेल ते हलवण्याचा आपल्याला नैतिक अधिकार नाही. इंग्लंड आणि वेल्ससाठी जी जबाबदार मेटल डिटेक्टिंगची आचारसंहिता आहे, तीही शक्यतो आधीच विस्कटलेल्या, म्हणजे नांगरलेल्या जमिनीवरच आणि नांगराच्या खोलीपर्यंतच काम करावे असे सांगते. याचा सरळ अर्थ असा की जंगल ही या छंदासाठी सर्वांत नाजूक जागा आहे. शेतातल्या नाण्याभोवतीची माती शंभरदा उलटलेली असते, तर जंगलातल्या नाण्याभोवती कोळशाची भट्टी, झोपडी किंवा पायवाट जशीच्या तशी दबलेली असू शकते, आणि आपल्या फावड्याने ती कायमची पुसली जाऊ शकते. म्हणून एकाच जागेतून दोन-तीन जुन्या वस्तू लागोपाठ निघाल्या, किंवा मातीत भाजलेला लाल थर दिसला, की मी यंत्र बंद करतो. ज्याला एवढा संयम नाही त्याच्या हाती खोलवर पाहणारे यंत्र असण्यापेक्षा नसलेले बरे.

परवानगीचा खटाटोप यंत्र निवडण्याहून मोठा आहे, हे खरेदी करण्यापूर्वी प्रत्येकाने लक्षात घ्यावे. इंग्लंडमधली सगळी जमीन कोणाची ना कोणाची असते, आणि मालकाच्या परवानगीशिवाय डिटेक्टर फिरवणे म्हणजे अतिक्रमण, तर सापडलेले खिशात घालणे म्हणजे चोरी. फॉरेस्ट्री इंग्लंडच्या ताब्यातील सरकारी जंगलांत किंवा नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवर हौशी माणसाला ही परवानगी मिळत नाही. संरक्षित स्मारकांवर १९७९ च्या कायद्यानुसार विशेष संमतीखेरीज डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा आहे, आणि वील्डमधील काही जुन्या भट्ट्यांच्या जागा अशा संरक्षित आहेत; त्यामुळे मालक हो म्हणाला तरी नकाशा पाहूनच पाऊल टाकावे. राहते ती खासगी रानांची वाट. तीही पत्र लिहून, ओळख करून घेऊन, सापडलेल्या वस्तूंची वाटणी आधी कागदावर ठरवून.

सापडलेल्या वस्तूचे पुढे काय करायचे हे १९९६ च्या ट्रेझर अॅक्टने ठरवले आहे. तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा एकाच ठिकाणची अशी दोन अथवा अधिक नाणी, ही 'ट्रेझर' ठरतात आणि चौदा दिवसांत कॉरोनर या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला कळवावी लागतात. संग्रहालयाने ती घेतली तर मिळणारे बक्षीस सामान्यतः शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जाते. २०१० मध्ये कम्ब्रियात क्रॉस्बी गॅरेट येथे सापडलेले रोमन शिरस्त्राण तांब्याच्या मिश्रधातूचे असल्यामुळे या व्याख्येत बसले नाही आणि लिलावात सुमारे २३ लाख पौंडांना खासगी हाती गेले. अशी पळवाट राहू नये म्हणून जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही कायद्याच्या कक्षेत आल्या. एकटे-दुकटे सामान्य नाणे ट्रेझर नसते, पण तेही १९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवावे असा संकेत आहे. ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखालील या नोंदवहीत आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक आपल्यासारख्या हौशी लोकांनीच आणून दिलेल्या आहेत.

कायदा पाळला तर काय होते आणि मोडला तर काय, याची दोन उदाहरणे इथे सर्वांना ठाऊक असतात. २०१९ मध्ये सॉमरसेटमधील च्यू व्हॅलीत २,५८४ चांदीच्या पेन्या सापडल्या, शोधणाऱ्यांनी त्या जाहीर केल्या, आणि २०२४ मध्ये ४३ लाख पौंडांना त्या संग्रहालयासाठी घेतल्या गेल्या. त्या शोधाच्या चार वर्षे आधी, २०१५ मध्ये, हरफर्डशरमध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांना अँग्लो-सॅक्सन काळातील दागिने आणि अंदाजे तीनशे नाणी सापडली; त्यांनी ती लपवून विकायला काढली. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला, आणि त्या तीनशेपैकी जेमतेम तीसेक नाणी परत मिळाली. बाकीच्या नाण्यांत नवव्या शतकातील इंग्लंडच्या इतिहासाचे काय होते ते आता कळणे कठीण.

वील्डच्या जंगलात प्रत्यक्षात हाती काय लागते, याबद्दलही अपेक्षा माफक ठेवलेल्या बऱ्या. काडतुसांची पितळी बुडे सर्वाधिक. ती नाण्याएवढीच असतात, यंत्र त्यांना मधल्या आकड्यांत दाखवते, आणि माती पुसली की ईली किंवा किनॉक अशी कारखानदाराची अक्षरे आणि मध्ये बंदुकीच्या नळीचा १२ हा आकडा दिसतो. त्यांच्या खालोखाल शिशाच्या गोळ्या, गुंड्या, बकल, आणि गुळगुळीत झिजलेले जॉर्ज राजांच्या काळातील तांब्याचे हाफपेनी. पांढऱ्या नाण्यांपैकी १९२० पूर्वीची साडेब्याण्णव टक्के चांदीची, १९२० ते १९४६ पर्यंतची निम्म्या चांदीची, आणि १९४७ पासून नुसती तांबे-निकेलची. यंत्राच्या आकड्यावरून हा फरक नेमका कळेलच असे नाही, हातात आल्यावर रंगावरून कळतो. सैनिकी सरावाच्या रानात गोळ्यांखेरीज काही जड, गोलसर लोखंडी लागले तर फावडे तिथेच ठेवून लांब जावे आणि ९९९ वर फोन करावा. हातबॉम्ब ऐंशी वर्षांनीही फुटू शकतो. ऋतूचाही विचार हवा. ब्रॅकनचे नेचे सुकून पडल्यापासून, म्हणजे नोव्हेंबरापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतच काम करावे. नंतर ब्लूबेलचे कोंब वर येऊ लागतात, आणि त्यांच्या कंदांत फावडे घालणारा माणूस पुन्हा त्या रानात बोलावला जात नाही.

महाराष्ट्रातील काही परिचितांनी हे यंत्र सह्याद्रीत वापरता येईल का असे विचारले, म्हणून थोडे त्याविषयी. वापरू नये. राखीव जंगलात जमीन खणणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, संरक्षित किल्ल्यांवर आणि त्यांच्या भोवतीच्या शंभर मीटरांत खोदकामाला बंदी आहे, आणि १८७८ चा गुप्तधनाचा कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाचे जे काही जमिनीत सापडेल ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. मार्च २०२५ मध्ये एक ऐतिहासिक चित्रपट पाहून बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन रात्रीच्या रात्री शेते खणत होते. शेतकऱ्याच्या जमिनीची त्यात माती झाली. शिवाय नाणी खरोखरच असतील तर ती कोणत्या थरात, कशासोबत होती हे कळण्याची सोयही गेली. इंग्लंडमधली मुभासुद्धा सगळीकडे नाही. स्कॉटलंडमध्ये सापडलेली पुरावस्तू राजसत्तेची मानली जाते, उत्तर आयर्लंडमध्ये पुरावस्तू शोधायला परवाना लागतो, आणि आयर्लंडच्या प्रजासत्ताकात संमतीशिवाय पुरावस्तूंसाठी डिटेक्टर वापरणेच बेकायदा आहे. सुट्टीत यंत्र सोबत नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

याच किमतीच्या आसपासचे दोन पर्याय मी पुष्कळांच्या हातात पाहतो. गॅरेटचा एस ३०० आय शिकायला सर्वांत सोपा आहे आणि साध्या सेलवर चालतो, पण त्यात लोखंडाचा आवाज वेगळा ऐकण्याची सोय नाही, आणि वील्डमध्ये तीच तर हवी. मायनलॅबचा व्हँक्विश ४४० एकाच वेळी अनेक वारंवारता वापरतो, त्यामुळे लोहयुक्त मातीत तो अधिक स्थिर चालतो आणि त्याची दहा बाय सात इंची कॉइल मुळातच जंगलाला सोयीची आहे. मात्र त्याचा पडद्याचा भाग जलरोधक नाही आणि मुठीला कंप देण्याची सोयही नाही. कोरड्या दिवसांतच बाहेर पडणाऱ्याला मी व्हँक्विश सुचवीन. पावसाळी हिवाळ्यात, ओढ्याकाठी, संध्याकाळपर्यंत काम करणाऱ्याला सिम्प्लेक्स प्लस. दुप्पट-तिप्पट पैसे टाकून मायनलॅबच्याच इक्विनॉक्सच्या वर्गातले यंत्र घ्यायला हरकत नाही, पण ते आधी शेतात शिकावे; जंगलात त्याच्या सगळ्या आवाजांचा अर्थ लावताना नवखा माणूस वैतागतो.

२०२३ मध्ये कंपनीने सिम्प्लेक्सची नवी मालिका आणली. तिच्यातील अल्ट्रा हे मॉडेल १५ किलोहर्ट्झवर चालते आणि पाच मीटर पाण्यापर्यंत टिकते, त्यामुळे सिम्प्लेक्स प्लस आता मुख्यतः जुन्या बाजारात मिळतो, तोही बऱ्याच कमी किमतीत. जुना घेताना तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात. यंत्र पूर्ण चार्ज करून दोन तास चालू ठेवावे, कारण आतली बॅटरी थकलेली असेल तर ती घरी बदलता येत नाही. कॉइलची केबल दांड्याजवळ जिथे वळते तिथे हलवून पाहावी; हलवताना आवाज आला तर आतली तार तुटायला आलेली आहे. आणि या यंत्राची खास चार्जिंग केबल सोबत आहे ना हे विचारावे, कारण साधी फोनची केबल त्याला लागत नाही.